वैजूचं कोपर

"आजी, तिच्यावरचा हात काढा," ती पोरगी मला म्हणाली.

विट्यातल्या त्या दवाखान्यात, हिरव्या पडद्याआडच्या पलंगावर माझी नात वैजू बसली होती आणि मी तिचं उजवं कोपर धरून उभी होते. कोपर माझ्या नातीचं. तीन आठवड्यांमागं ते निखळलं तेव्हा जागेवर बसवलं तेही मीच. आणि पंचविशीतली, पांढरा कोट घातलेली एक मुलगी मला हात काढायला सांगत होती.

मी काढला नाही. विचारलं, "का म्हणून?"

"आतून अजून सूज आहे. असं दाबायचं नाही."

"बाई, तुझ्या आईच्या बारशाच्या आधीपास्नं मी सांधे दाबतीया."

ती हसली नाही की चिडली नाही. तिनं माझं मनगट धरलं, हात उचलला आणि माझ्याच पोटाशी आणून ठेवला. तान्ह्या पोराच्या मुठीतली सुरी काढून घ्यावी तसा. अकरा वर्षं झाली ह्याला. माझ्या नवऱ्यानं कधी माझा हात असा बाजूला केला नव्हता. सासऱ्यानं तर नाहीच.

आमचं घर हाडं बसवणाऱ्यांचं. सासऱ्याला तीन मुलगे, पण विद्या एकाच्याही हातात उतरली नाही. एकाच्या हातात पत्ते उतरले, दुसऱ्याच्या बाटली, आणि माझा नवरा भला होता, पण त्याला रक्त बघून चक्कर यायची. मी चुलीपुढं बसून म्हाताऱ्याचे हात बघत शिकले. मरायच्या आधी दोन वर्षं तो सगळ्या गावासमोर म्हणाला की ह्यापुढं तुमची हाडं हौसा बसवील. भावकी महिनाभर आमच्यात जेवायला आली नाही. मग त्यांच्याच पोरांचे हात मोडले तेव्हा आली गुमान. शाळा माझी तिसरीपर्यंत, पण माणसाच्या अंगात कुठं काय आहे ते मला डोळे मिटून सांगता येतं. तालमीतले पैलवान माझ्यापुढं मान खाली घालून बसायचे.

आणि ही काल-परवाची पोर. अमृता लोहार. मी बाहेरच्या बाकावर येऊन जालिंदरला, म्हणजे माझ्या मुलाला म्हटलं, लोहाराची पोर असून म्हणतीया जोर लावू नका. हिच्या बापानं विळे काय फुंकर मारून केले का? जालिंदर म्हणाला, आई, हळू बोल. ह्या माणसानं जन्मभर मला एवढंच सांगितलं आहे.

वैजू म्हणजे वैजयंता. माझ्या सासूचं नाव. जालिंदरची एकुलती लेक. एकविसाव्या वर्षी तिनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं आणि घेतलं म्हणजे असं घेतलं की घरात दुसरा विषयच राहिला नाही. रोज सकाळी माळावर पळायची, मग चार किलोचा लोखंडी गोळा फेकायची. माळावर तिनं चुन्याची रेघ मारली होती. गोळा तिच्यापलीकडं पडला की पैकीच्या पैकी मार्क, अलीकडं पडला की मार्क कमी होत जायचे. वैजूचा गोळा रेघेच्या हातभर पलीकडं पडायचा. मैदानी परीक्षा होळीनंतर होती. दिवाळी संपली आणि चौथ्या दिवशी पळताना तिचा पाय खड्ड्यात गेला, ती उजव्या हातावर पडली.

मी माळावर पोचले तेव्हा कोपराचं टोक मागं सरकलेलं होतं. तिथंच मातीत बसले. शालन, म्हणजे तिची आई, तिला मी दंड धरायला लावला, मनगट ओढलं आणि अंगठ्यानं टोक पुढं रेटलं. कट् असा आवाज आला. वैजूनं हूं की चूं केलं नाही. डोळ्यांतनं पाणी आलं तेवढंच. एवढा अभिमान मला माझ्या पोरांचाही वाटला नव्हता. विट्याच्या हाडांच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि जालिंदरला विचारलं की हे कुणी बसवलं, झकास बसलंय. मी ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. डॉक्टरनं कच्चं प्लास्टर घातलं, तीन आठवड्यांनी काढलं, आणि मग म्हणाला, आता कोपर मोकळं करायला फिजिओथेरपी.

म्हणून त्या लोहारणीकडं.

रोज दुपारची एसटी, रोज तो हिरवा पडदा. ती आधी कोपराला गरम पिशवीचा शेक द्यायची. मग चार चिकटपट्ट्या लावून करंटचं मशीन सुरू करायची. वैजू म्हणायची मुंग्या चालल्यासारखं होतं, दुखणं कमी होतं. मग व्यायाम. पण व्यायाम म्हणजे काय, तर वैजूनं आपला हात आपणच वाकवायचा आणि आपणच सरळ करायचा, दुसऱ्या हाताचाही धक्का द्यायचा नाही. टेबलावर फडकं ठेवून पुढं-मागं सरकवायचं. काठी दोन्ही हातांत धरून उचलायची. शेवटी बर्फ. आणि एक मोठं कोनमापक घेऊन ती बाई मोजायची, आकडा वहीत लिहायची. पहिल्या दिवशी तिनं वैजूला बजावलं होतं, दुखलं की लगेच सांगायचं, तुझं दुखणं जिथं सुरू होतं तिथं मी थांबणार. आणि मला बजावलं होतं, घरी तेल नाही, चोळणं नाही, ओढणं नाही. का, ते तिनं सांगितलं. मी ऐकलं नाही. मी तिच्या मागच्या भिंतीवरचा हाडांचा सापळा बघत होते आणि मनात म्हणत होते, ह्याच्यावर शिकलीस तू, मी जिवंत माणसांवर.

आठ दिवसांत आकडा किती हलला, तर दहा. मी विचारलं, असं किती दिवस चालायचं? ती म्हणाली, घाई केली तर सांधा रुसतो. सांधा रुसतो म्हणे. परीक्षेची तारीख काय रुसून थांबणार होती?

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी माजघराचं दार लावून घ्यायला लागले. कढत तेल घ्यायचं, वैजूला भिंतीशी बसवायचं, दंड माझ्या गुडघ्याखाली दाबायचा, कोपराच्या आतल्या बाजूला जी शीर ताठते ती अंगठ्यानं मोकळी करायची, आणि मग हात ओढायचा. सरळ. आणखी थोडा. आणखी. ती भिंतीकडं बघत बसायची. मी विचारायची, बरं वाटतंय? ती मान हलवायची. शालन एकदा दाराआडून म्हणाली, "आत्ती, डॉक्टरीण नको म्हणाली होती न्हवं." मी म्हटलं, तुझ्या माहेरात कुणाला धड मान चोळता येत न्हाई, तू मला शिकवू नगंस. ती गेली. मला वाटलं, जिंकले.

तोंडावर सांगते, पहिल्या चार दिवसांत आकडा वाढला. लोहारणीनं वैजूला शाबासकी दिली आणि मी बाहेरच्या बाकावर बसून पोटात हसले. घे, म्हटलं, वहीत लिही माझी कमाई.

मग आकडा थांबला. मग मागं यायला लागला. ती पोरगी गोंधळली. करंट कमी केला, काठी बंद केली, शेक बंद केला, वैजूला पुन्हा पुन्हा विचारलं, घरी जड काही उचलतेस का, झोपेत हातावर वळतेस का. वैजू नाही म्हणायची. तिचं दोन्ही वेळचं 'नाही' खरंच होतं. माझी मात्र त्या आकड्यानं आणखीच तंतरली आणि मी संध्याकाळी दोनदा ओढायला लागले. एकदा दिवेलागणीच्या आधी, एकदा जेवणाआधी.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस तिनं मला पडद्याच्या आत बोलावलं. वैजूची बाही वर केलेली होती. कोपराच्या वर, दंडाच्या पुढच्या बाजूला तिनं बोट ठेवलं होतं.

"इथं गरम लागतंय. आणि सुपारीएवढं टणक काहीतरी आहे," ती वैजूला म्हणाली. "इथं कोण चोळतं?"

"कुणी न्हाई."

"मग हा काळा-निळा डाग कशाचा?"

"मीच दाबते कधीमधी."

त्या पोरीनं वैजूचा डावा हात उचलला आणि म्हणाली, दाखव बरं कसं दाबतेस. वैजूनं डावा अंगठा नेला. तो डागावर बसेना. बोटं खाली यायची तेव्हा अंगठा बाहेरच्या बाजूला जायचा. तिनं हात फिरवून बघितला, मनगट वाकडं केलं, तरी बसेना. तो डाग समोर बसलेल्या माणसाच्या अंगठ्याचा होता, आणि माजघरात तिच्यासमोर बसणारं माणूस एकच होतं. वैजू तरीसुद्धा अंगठा जुळवत राहिली. माझ्यासाठी. मला तिथं भिंतीत गाडून घ्यावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्या लोहारणीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मी म्हटलं, "तिला कशाला तपासतीस? मी चोळते. रोज."

तिनं चिठ्ठी लिहिली. आधी फोटो काढून आणायला पाठवलं. तासाभरानं ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून तिनं मला दाखवली. हाडं जिथल्या तिथं, मी बसवली होती तशी. आणि त्यांच्या पुढं, मांसाच्या जागी, पांढरट धुकं.

"हे हाड आहे," ती म्हणाली. "मांसात हाड धरायला लागलंय. कोपराच्या दुखापतीनंतर जोरानं चोळलं, ओढलं की होतं असं. आत रक्त साकळतं आणि त्याचं हाड बनतं. म्हणून मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"तुझ्या हातनं हुईना म्हणून मी केलं," मी म्हटलं. माझा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. तिथं गुडघेवाले, मानवाले दहा लोक बसले होते. "आठ दिवसांत दहा आकडे. परीक्षा काय तुझ्या सोयीनं घेणार हाईत? पोरीचा जलम जातोय आणि तू फडकं सरकवतीस."

आता ती चिडली. पहिल्यांदाच. तिचे ओठ पांढरे पडले.

"आजी, तुम्ही मातीत बसून जो सांधा बसवलात, तो मला नसता बसवता आला. हे मी माझ्या सरांनाही सांगितलंय. पण बसला तिथं तुमचं काम संपलं होतं. पुढं काहीच करायचं नव्हतं. हात काढून घ्यायचा होता, बस."

मग ती वैजूकडं वळली. "तुला दुखत नव्हतं?"

"दुखत हुतं."

"किती?"

वैजूनं बाही खाली ओढली.

"मी तुला रोज विचारत होते, दुखलं की सांग. मला नाही, निदान आजीला तरी 'नको' म्हणायचंस. का नाही म्हणालीस?"

वैजू फरशीकडं बघत होती. "आमच्यात वरडत न्हाईत," ती म्हणाली.

लोहारणीला काही कळलं नाही. मला कळलं. हा माझ्या सासऱ्याचा नियम. हाताखालचं माणूस ओरडलं की अंग ताठ होतं, ताठ अंगात सांधा बसत नाही, म्हणून आमच्या ओट्यावर ओरडायचं नाही. पैलवान असो नाहीतर बाळंतीण, पदर, टॉवेल, काय असेल ते तोंडात धरायचं. तो नियम मी बाहेरच्यांना एका घटकेपुरता लावत होते आणि घरच्यांना जन्मभर. वैजू सहा वर्षांची असताना तिचं बोट दारात सापडलं, ती रडली, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, हाडं बसवणाऱ्याच्या घरची तू, लोक हसतील. त्यानंतर ती माझ्यासमोर रडली नव्हती. मी ते चार बायकांत फुशारकीनं सांगायची.

परतीच्या एसटीत मी तिच्यावरच चिडले. दुसरं कुणी नव्हतंच चिडायला. म्हटलं, एकदा तरी बोलायचंस, तोंड का शिवलं हुतंस?

ती खिडकीतून बाहेर बघत होती. "मी न्हाई शिवलं, आज्जी," ती म्हणाली. "तू शिवलंस."



दुसऱ्या दिवसापासून वैजू आईला घेऊन जायला लागली. माजघराचं दार उघडं राहायला लागलं आणि ती तिथं मला दिसेल अशी बसून व्यायाम करायची. वाकवायचं, सरळ करायचं, दुखलं की थांबायचं. आणि दुखलं की आता ती बोलायची. मोठ्यानं. "आई गं" म्हणायची, "मेले" म्हणायची. मी बाहेर तांदूळ निवडत असायची, तो आवाज ऐकायची, आणि कबूल करते, मला राग यायचा. शेजारच्या बाया कान टवकारत होत्या. हाडं बसवणाऱ्याच्या घरात ओरडाओरडा. शालन तर अशा वेळी मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. मला वाटायचं ती तिथं हसत असेल. कदाचित हसतही नसेल, पण मला वाटायचं.

ते मांसातलं हाड वाढायचं थांबलं. कोपर हळूहळू उघडलं. वाकायला पुरं वाकलं, पण सरळ होताना शेवटी अडायचं, बिजागरीत खडा सापडलेल्या दारासारखं. लोहारणीनं सांगितलं, एवढं कदाचित राहील. वर्षभरानं बघू.

वर्षभर कुणाला होतं? होळी झाली. परीक्षेच्या दिवशी मी सकाळी लवकर उठून डबा केला. जालिंदर गाडी काढत होता. मी चपला घातल्या तेव्हा वैजू म्हणाली, "आज्जी, तू येऊ नगंस."

मी चपला काढल्या.

दुपारी जालिंदरचा फोन आला. पळण्यात सगळ्यांत पुढं होती. लांबचं पळणं, जवळचं पळणं, दोन्हीत. गोळ्याला मात्र तिन्ही वेळा हात शेवटच्या क्षणी सरळ झाला नाही. गोळा जवळच पडला. किती जवळ, ते मी विचारलं आणि त्यानं सांगितलं, आणि ते अंतर मी आजही घराच्या उंबऱ्यापासून पायानं मोजून दाखवीन. यादी लागली तेव्हा वैजू दोन मार्कांनी राहिली. पुढं तिनं पुन्हा एकदा भरती दिली. कोपर तेवढंच राहिलं.

यादी लागली तो गुरुवार होता. त्या रविवारी नेहमीसारखी माणसं आली. आमच्याकडं पैसे घेत नाहीत. सासऱ्याची शपथ आहे. आलेल्यानं उंबऱ्यावर नारळ ठेवायचा, तो आम्ही दुसऱ्या दिवशी मारुतीला वाढवायचा. एवढीच रीत. त्या दिवशी अंगणात सात-आठ माणसं होती. मी मागं हात धूत होते. पुढं आले तर वैजू दारात खुर्ची टाकून बसलेली. वाटेतच. येणाऱ्याला आधी तीच विचारत होती, काय झालंय, कधी झालंय, सूज आहे का. घोट्याच्या एका माणसाला तिनं आत सोडलं. कोपराचं नाव निघालं की मात्र विट्याचा पत्ता.

खानापूरकडचा एक माणूस बायकोला घेऊन आला होता. बायकोचा हात ओढणीच्या झोळीत. कोपर. महिन्यापूर्वी प्लास्टर काढलेलं, तेव्हापासून आखडलेलं. त्यानं नारळ ठेवला होता. वैजू त्याला समजावत होती आणि तो तिच्याकडं बघतच नव्हता. तिच्या डोक्यावरून माझ्याकडं बघून म्हणाला, "आक्का, ही पोरगी काय म्हणतीया बघा. तुमचा हात लागला की चार दिवसांत सुटतं म्हणून पंधरा कोस आलोय आम्ही."

 सगळे माझ्याकडं. वैजू वळली नाही. तिची पाठ दिसत होती मला आणि खुर्चीच्या हातावर तो उजवा हात, अर्धवट वाकलेला. माझ्याच घराच्या दारात मला अडवून बसलेली. मला खरं सांगायचं तर त्या घटकेला पश्चात्ताप-बिश्चात्ताप काही झाला नाही. संताप आला. पोरी, सर बाजूला, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते.

तेवढ्यात त्या बाईकडं नजर गेली. अजून कुणी तिला हात लावला नव्हता. मी दहा पावलं लांब होते. आणि तिनं पदराचं टोक आधीच तोंडात धरलं होतं, दातांत घट्ट. कुणीतरी वाटेत सांगितलं असणार, हौसाआक्काकडं ओरडायचं नसतं.

"पदर काढ तोंडातनं," मी म्हटलं.

तिला कळेना. नवऱ्याकडं बघायला लागली.

"काढ म्हणते न्हवं." मग मी त्या माणसाला म्हटलं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं, "कोपर मी बसवते. बसल्यावर मोकळं करायची विद्या मला न्हाई. ह्या माझ्या नातीचं कोपर माझ्या ह्या हातानं गेलंय. तिची पोलिसातली नोकरी गेली. ही बसलीया पुढ्यात, बघा. ती सांगती तिथं जावा."

तो बघत राहिला. माझ्याकडं, वैजूच्या हाताकडं, पुन्हा माझ्याकडं. मग खाली वाकला, उंबऱ्यावरचा नारळ उचलला, सदऱ्याला पुसला आणि पिशवीत घातला. आमच्या उंबऱ्यावरून नारळ परत गेलेला तीन पिढ्यांत कुणी बघितला नव्हता. मागच्या दोघांनीही आपले नारळ उचलले. त्यांचं तर कोपर नव्हतं, एकाची पाठ होती, एकाचा खांदा.

बायको मात्र थांबली. तिनं वैजूच्या हातातला पत्त्याचा कागद घेतला, झोळीत खोचला आणि नवऱ्याच्या मागं गेली.

मी तिथंच उभी होते, ओल्या हातांनी. वैजूनं माझ्याकडं मान वळवली नाही.

"पुढं कोण हाय?" ती म्हणाली.